कोयीवर झिजलेलं पातं

वैशाखातल्या दुपारी सगळी आमराई पेंगत होती. वाऱ्यानेच हलणाऱ्या झोपाळ्यावर बागेचे मालक देसाईही अर्धे स्वप्नात होते. बागेची राखण करणाऱ्या शेवंतीने आंबा कापायला घडीचा चाकू उघडला, आणि ते ताडकन उठून बसले. धारेला खांडे पडले होते.

"मी दिलेल्या चाकूची ही दशा? पातं होतं तसं करून दे, नाहीतर बागेत पाऊल टाकू नकोस!"

शेवंतीने खरवडून पांढऱ्या पडलेल्या कोयींची टोपली पुढे सरकवली. "कोयीला गर राहता कामा नये, हा सरकारांचाच हुकूम. पातं यांच्यावरच झिजलं. सरकारांनी हे आंबे होते तसे करावेत, मग मी पातं करते."

देसाई एक कोय उचलून न्याहाळू लागले. मग पुन्हा आडवे झाले आणि डोळे मिटून पुटपुटले, "काप. या खेपेला कोयीला थोडा गर राहू दे."