मिठाची वाटी

"…पण अक्का, कोणत्या वयाच्या लेकराला कोणतं काम सांगावं, याचा काही नियम असेलच ना?"

विश्वंभरबुवा विचारत होते. येसूअक्का वाती वळत होत्या. नदीकाठच्या या लहानशा मठाची गादी अक्कांकडे होती आणि बुवा त्यांचे जुने शिष्य. कीर्तनकार म्हणून बुवांचं नाव मोठं. सेवेवर ते असं निरूपण करत की माणसं मांडवातून उठून थेट झाडू हातात घेत.

घरी मात्र पाच वर्षांच्या लेकीला त्यांनी इकडची काडी तिकडे करू दिली नव्हती.

"नियम कशाला पायजे?" अक्कांनी विचारलं.

बुवांनी मागे पाहिलं. वेणू खांबाला टेकून बसली होती. सकाळी बसवली होती, तिथेच.

"हिची आई जाताना म्हणाली, पोरीला जपा. मी जपलं, अक्का. तळहातावरच्या फोडासारखं जपलं. भांडं उचलायला गेली, मी घेतलं. केरसुणी धरली, मी सोडवली. भरवतोसुद्धा मीच."

"मग?"

"आता ती कशाला हातच लावत नाही. काही मागत नाही, बोलत नाही. घास भरवला तर खाते. नाही भरवला, तर…"

हजारोंना रडवणारा माणूस स्वतःचं वाक्य अर्धंच सोडून वातींकडे बघत बसला.

अक्का म्हणाल्या, "पंगतीची वेळ झाली. चल."

पौर्णिमेची पंगत होती. अंगणात पानं मांडलेली, माणसं बसलेली. मीही त्यात होतो. पानावर पहिलं मीठ वाढायचं, ही रीत सगळीकडचीच. या मठात आणखी एक आहे. हजर असलेल्यांत जो वयाने सगळ्यात लहान, त्यानेच मीठ वाढायचं. शेवटच्या पानावर ते पडेपर्यंत भाताचं पातेलं जागचं हलत नाही, मग पंगतीला कुणी का बसलेलं असेना.

अक्कांनी मिठाची वाटी घेतली आणि त्या वेणूकडे निघाल्या.

बुवा लगबगीने मधे आले. "अक्का, ती नको. तिच्या हातून सांडेल."

"सांडू दे."

"लोक ताटकळतील."

"ताटकळू देत."

"ती रडली तर?"

"तू रडू नगंस म्हंजी झालं."

अक्का गुडघ्यावर हात टेकत वेणूसमोर खाली बसल्या. वाटी पुढे धरली.

"वेणूबाई, पंगत खोळंबलीय."

वेणूने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

अक्का वाटी तशीच धरून राहिल्या. म्हातारा हात मागे आला नाही. भात निवत होता. कुणीतरी घसा खाकरला, शेजारच्याने त्याच्या मांडीवर हात ठेवला. मग तेही थांबलं.

एवढी माणसं भुकेली बसली होती आणि अंगणात आवाज म्हणून नव्हता. देवळाच्या गाभाऱ्यातही मला कधी अशी शांतता मिळालेली नाही.

एक हात पुढे आला.

…मग दुसरा.

पहिल्या पानावर पागोटंवाला म्हातारा होता. वेणूने मूठभर मीठ उचललं आणि पानाच्या मधोमध ठेवलं. अगदी भाताच्या जागी.

म्हाताऱ्याने ते बोटानेही सरकवलं नाही. दोन्ही हात जोडले, मान लववली.

"पावलं, माय."

वेणू त्याच्याकडे बघत राहिली. मग दुसऱ्या पानापाशी गेली. तिथे चिमूट थोडी लहान झाली. तिसऱ्या पानावर ती लहान तर झालीच, शिवाय वरच्या कडेला गेली. जो तो हात जोडत होता. मोठमोठ्या मिशांची माणसं त्या पोरीपुढे मान खाली घालत होती, आणि थट्टा म्हणून नव्हे. माझ्या अंगावर काटा आला, तो आठवला की अजून येतो.

बुवा मात्र तिच्या मागून चालत होते. वाकून, तिच्या कोपराखाली तळवा धरून. वाटी कलली की त्यांचा हात वर यायचा.

"विश्वंभर," अक्कांनी पंगतीच्या टोकाकडून हाक मारली. "हात."

"काय अक्का?"

"मागं घे."

बुवांनी हात मागे घेतला. घेताना त्यांना किती जड गेलं, ते सगळ्या पंगतीने पाहिलं.

वाटी कलली. थोडं मीठ मातीत सांडलं. वेणू थबकली, तिने वाटी छातीशी धरली आणि पुढे निघाली.

शेवटचं पान आलं. पान होतं, पाट होता, माणूस नव्हता. ते बुवांचंच पान होतं. वेणू समोर उभी राहिली.

मागून बुवा हलकेच म्हणाले, "वाढ ना, बाळा. एवढंच राहिलंय."

तिने मान हलवली.

"वाढ. लोक थांबलेत."

पुन्हा नाही.

"काय झालं? दमलीस? आण, मी वाढतो…"

बुवांचा हात वाटीकडे गेला. वेणूने वाटी घट्ट धरली. किती दिवसांनी, कोण जाणे, ती बोलली.

"अण्णा, तुम्ही बसाच ना. उभ्याला कसं वाढू?"

बुवांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का पानाकडे पाहत होत्या.

बुवा पाटावर बसले. मांडी घातली. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी ते मांडीवर ठेवले.

वेणूने चिमूट घेतली आणि पानाच्या वरच्या कडेला, बरोबर मधे, ठेवली. मग वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"अजून हवं?"

बुवांनी नुसती मान डोलावली. तिने आणखी वाढलं. ते मान डोलावतच राहिले आणि ती वाढत राहिली, वाटी रिकामी होईपर्यंत. पंगतीत कुणीही हसलं नाही.

मग भात आला, गजर झाला, माणसं जेवली. वेणू पागोटंवाल्या म्हाताऱ्याशेजारी बसली आणि आपल्या हाताने जेवली. निम्मं पानात, निम्मं परकरावर. बुवा घास घेत होते आणि तिच्याकडे बघत होते. प्रत्येक घास खारट लागला असणार. त्यांनी कण टाकला नाही.

आचवून बुवा अक्कांपाशी आले, पायावर डोकं ठेवलं.

"अक्का… उद्यापासून तिला कोणकोणतं काम सांगू?"

"तिला कशाला सांगतोस? ती बघंल तिचं. तुझं तू कर."

"माझं कोणतं?"

अक्कांनी वातींचं तबक पुढे ओढलं.

"मघाशी बसलास, तसा बसत जा."