दहा रोपं आणि एक ढोली

फार पूर्वी खाडीकाठच्या एका राज्यात एक तरुण राजा होता. त्याला एकच ध्यास होता, राजधानीपासून बंदरापर्यंत सरळ रस्ता. पावसाआधी रस्ता झाला नाही, तर नारळी पौर्णिमेनंतर येणारी गलबतं शेजारच्या राजाच्या बंदराला लागणार होती.

रस्ता जवळपास झालाच होता. मध्ये फक्त एका गावाची देवराई उरली होती.

राजा काही दुष्ट नव्हता. जो एक झाड तोडेल त्याने दहा लावावीत, असा त्याचाच कायदा होता. त्याप्रमाणे कारभाऱ्याने गावाबाहेरच्या माळावर सागाची रोपं लावली होती. पाखरांची सोय म्हणून बांबू रोवून त्यांवर मडकीसुद्धा टांगली होती. आता कोण कशाला अडवील, असं राजाला वाटलं.

पण कुऱ्हाडी घेऊन गेलेली माणसं हात हलवत परत आली. गावची सुईण वाटेत बसून होती आणि आत बाळंतीण आहे म्हणत होती.

बाळंतिणीच्या घराचं कौलसुद्धा हलवायचं नाही, अशी त्या गावची रीत. राजाला ती मान्य होती, म्हणून तो स्वतः गेला. सुईणीने त्याला एका जुन्या बेहड्याच्या झाडाखाली नेलं. वर ढोलीत धनेशाची मादी बसली होती. चोचीपुरती फट ठेवून तिने ढोलीचं तोंड लिंपून घेतलं होतं आणि नर त्या फटीतून तिला उंबरं भरवत होता.

कारभारी हसला. "पाखराचं कसलं बाळंतपण, सुईणबाई? बारसंही करणार का?"

"करीन की. घुगऱ्या खायला या," सुईण म्हणाली.

राजाने हसू आवरलं आणि तिला समजावलं, की एकाच्या बदल्यात दहा झाडं दिली आहेत, नुकसान कुणाचंच नाही. सुईणीने वाद घातला नाही. "चला, नवं घर दाखवा. पटलं तर मीच वाट सोडते," ती म्हणाली.

माळावर ऊन रणरणत होतं. रोपं करंगळीएवढी होती. सुईण एका मडक्यापाशी थांबली. "महाराज, यात हात घाला."

राजाने हात घातला आणि चटका बसून मागे घेतला.

"रोपं मोठी होतील की," कारभारी पुटपुटला.

"होतील. पण त्यांच्या खोडात ढोली तयार होईपर्यंत माझा पणतू म्हातारा होईल. तोवर त्या बाळंतिणीनं कुठं जायचं?"

परक्या बंदराला लागलेली गलबतं राजाच्या डोळ्यांपुढे येत होती. पण हात अजून चुरचुरत होता. शेवटी त्याने रस्ता देवराईला वळसा घालून न्यायला सांगितलं. कारभाऱ्याने बजावलं, की अख्खा हंगाम बुडेल.

"बुडू दे," राजा म्हणाला. "गलबतं पुढच्या वर्षी येतील. हे रान गेलं तर ते कुठून आणायचं?"

वळशावरही ओढ्याकाठची काही झाडं आड येत होती. राजाने त्यांना हात लावू दिला नाही. देवराईला लागून असलेल्या उघड्या उतारावर कुंपण घातलं, तिथे त्याच झाडांचं बी टाकलं आणि ते रान पाखरांनी वसेपर्यंत ओढ्याकाठची तेवढी वाट अरुंदच ठेवली.

त्या वर्षी बंदर ओस पडलं. पुढच्या वर्षी गलबतं आली. अरुंद वाटेवर गाड्या एकामागे एक थांबत. गाडीवान आधी कुरकुरत, मग ओढ्याचं पाणी पिऊन सावलीत टेकत.

राजाचे केस पिकले, तेव्हा बातमी आली, की उतारावरच्या नव्या रानात तांबट पक्ष्याने खोड कोरून घर केलं आहे. राजा काठी टेकत स्वतः गेला. पिल्लांचा आवाज त्याने कान देऊन ऐकला.

मग म्हणाला, "आता ओढ्याकाठचा रस्ता रुंद करा."

तात्पर्य एवढंच: कुणाचं घर मोडायची वेळ आली, तर आधी ती टाळून बघावी. टळली नाही, तर ज्याचं घर आहे तो नव्या घरी नांदू लागेपर्यंत जुन्याला हात लावू नये.