रुजामायच्या टर्क्या

“…पण सगळं सोडलेल्या माणसाला टर्क्या कशाला हव्यात, फादर?”

फादर बस्त्याव परसदारच्या पायरीवर बसून विळीवर कांद्याची पात चिरत राहिले.

विचारणारा इनास वसईच्या ह्याच वाडीत वाढलेला. फादरांनीच त्याला लहानपणी प्रार्थना शिकवल्या, पुढे फादर व्हायला सेमिनरीत धाडलं. आता तो स्वतः फादर होता, सेमिनरीत शिकवत होता. रोमला राहून त्याने विरक्तीवर मोठा प्रबंध लिहिला होता. परतल्यावर गुरूला भेटायला आज पहिल्यांदाच आला होता.

परसात चिकूच्या सावलीत टर्क्या फिरत होत्या, कोंबड्यांहून थोराड, लाल गळ्याच्या. त्यांच्यातला नर म्हातारा झाला होता. एक पाय ओढत चालायचा, तरी शेपटीचा पंखा पसरून मिरवत होता.

“नाताळला कापायला ठेवल्यात?”

“नाही.”

“विकायला?”

“नाही.”

“म्हणजे नुसता जीव लावायला!” इनास हसला. “फादर, कशात जीव अडकवू नये, हे मला तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं होतं खरं.”

“मी ते पाळलं.”

“कसं?”

इनास ताठ बसला.

“आय गेली त्या सकाळी मला फोन आला. रेक्टर म्हणाले, जाऊन ये. विमान मिळत होतं. मी नाही आलो. चॅपेलमध्ये जाऊन तिच्यासाठी मिस्सा केली आणि परत अभ्यासाला बसलो. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही… मी विद्यार्थ्यांना हे सांगतो.”

“मग ते काय करतात?”

“लिहून घेतात.”

फादरांनी पात सुपात भरली.

“ह्यांना ओळखलंस?” फादरांनी टर्क्यांकडे बोट केलं.

“टर्क्यांना काय ओळखायचं? सगळ्या सारख्याच.”

“रुजामायच्या आहेत.”

रुजामाय म्हणजे इनासची आय.

“तिला मातीआड करून आलो, तर ह्या तुमच्या बंद दारासमोर बसलेल्या. दुसऱ्या दिवशीही तिथेच. मग मी घेऊन आलो.”

इनासने पुन्हा त्या म्हाताऱ्या नराकडे पाहिलं.

लहानपणी शाळेतून आला की इनास दप्तर पायरीवर टाकायचा आणि परसात जाऊन मुद्दाम मोठ्याने खोकायचा. टर्क्यांचा तेव्हाचा नर लगेच मान ताणून गुबगुबगुब करायचा. इनास पुन्हा खोकायचा, नर पुन्हा तसाच. आतून आय ओरडायची, “नको रे छळू माझ्या बाबाला!” नर कुठलाही असो, तिचा तो बाबाच. दुपारी भांडी आवरून ती विहिरीच्या कठड्याशी बसे. एखादी टर्की येऊन तिच्या मांडीवर मान टाके. आय तिच्या पिसांतून बोटं फिरवत राही आणि बसल्या बसल्या दोघींचाही डोळा लागे. नाताळ जवळ आला की वाडीतल्या टर्क्या कमी होत जात. आयकडेही लोक विचारायला येत. ती म्हणे, “ती घरची माणसं आहेत.” लोक हसत. आयही हसे, पण टर्की देत नसे.

“त्यांना हाक मार,” फादर म्हणाले.

“मी?”

“रुजामाय मारायची तशी.”

“मला आठवत नाही, फादर.”

“बरं…”

फादर उठले. सूप उचलून घरात ठेवून आले आणि परत आपल्या जागी बसले.

इनास खाली बघत होता. मग त्याने घसा साफ केला.

“या, या!”

आवाज प्रवचनात लागतो तसा लागला. एकाही टर्कीने मान वळवली नाही.

“माझ्याही हाकेला येत नाहीत,” फादर म्हणाले. “खाणं दिसलं की येतात.”

इनास उठून परसात गेला. चिकूपासून जरा अलीकडे थांबला. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग अगदी हळू, वाडीतल्या बायकांसारखा हेल काढून…

“येऽ गो बायांनोऽ… येऽ रे माझ्या बाबाऽ…”

नराने मान वर केली. पंखा मिटला.

“येऽ रे बाबाऽ…”

नराने गुबगुबगुब केलं. तशा सगळ्या टर्क्या पंख अर्धवट उघडून धावत सुटल्या. म्हातारा नर पाय ओढत ओढत सगळ्यांच्या मागून आला. इनासभोवती त्यांचं कडं झालं. एकीने मान तिरपी करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याच्या मागे पाहिलं. कुणीतरी अजून यायचं राहिलं असावं, तसं.

इनास मटकन खाली बसला. पांढऱ्या झग्याला माती लागली. तोंडावर हात दाबून तो रडला. आधी आवाज फुटेना. मग फुटला, तेव्हा नर त्या आवाजाला गुबगुबगुब करून उत्तर देऊ लागला.

फादर पायरीवरच बसून राहिले.

कितीतरी वेळाने इनासने डोळे पुसले. टर्क्या गेल्या नव्हत्या. त्याला खेटून बसल्या होत्या. त्याने रिकामे हात उघडून त्यांना दाखवले, तरी एकही हलली नाही.

“फादर… काहीतरी द्या ना खायला. ह्यांना द्यायला माझ्याकडे काहीच नाही.”

“काही नकोय त्यांना,” फादर म्हणाले. “हाक मारलीस, म्हणून आल्यात.”