सलोमीचं मूठभर पीठ

कोणत्या राजाच्या अमलातली ही गोष्ट, ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. पण फार मागे, एका डोंगराच्या पायथ्याशी, प्रभू येशूला मानणाऱ्या तीस घरांचं गाव होतं, एवढं मात्र नक्की.

या गावाची एक रीत होती. उत्तम शुक्रवार म्हणजे प्रभूला क्रुसावर दिलं तो दिवस; त्याच्या आदल्या दिवशी घरोघरून एकेक मूठ पीठ यायचं. कुणाचं ज्वारीचं, कुणाचं बाजरीचं, कुणाचं नाचणीचं. त्या सगळ्या पिठाची एकच जाडजूड भाकर भाजायची आणि दिवेलागणीला ती मोडायची. प्रत्येकानं आपला घास हातात घेऊन डोळे मिटायचे, प्रभूची आठवण काढायची आणि मगच खायचं.

भाकरीचा मान रिबकाबाईचा. बाई मोठी भाविक, पण जिभेची तिखट. त्या डोळे मिटण्याच्या घटकेची ती वर्षभर वाट पाहायची. प्रभूची आठवण काढली की तिला वाटायचं, कुणीतरी हलकेच शेजारी येऊन बसलंय. नवरा वारला त्या वर्षीही तसंच वाटलं, म्हणून तर ती सावरली.

त्या वर्षी मात्र एका भोपळ्यानं घात केला. हसू नका, खरंच सांगतो! वेल रिबकाबाईचा, पण तो चढला शेजारच्या छपरावर. ते घर तिच्या धाकट्या जावेचं, सलोमीचं. वेलाला एकच भोपळा धरला, आणि सलोमीनं तो न विचारता तोडून शिजवला. झालं! रिबकाबाईनं सारी आळी डोक्यावर घेतली आणि दोघींचं बोलणं तुटलं.

तरी रीत ती रीत. ठरल्या दिवशी सलोमी पीठ घेऊन दारात आली.

"जाऊबाई, माझी मूठ."

"ठेव तिथं," रिबकाबाई मान वर न करता म्हणाली.

सलोमीची पाठ वळली मात्र, रिबकाबाईनं ते पीठ उचललं आणि कोंबड्यांपुढं फेकलं. "चोरटीचं पीठ प्रभूच्या भाकरीत? शोभेल का?" असं ती स्वतःशीच पुटपुटली. कुणी पाहिलं नाही. कोंबड्या खूश, आणि बाई त्यांच्याहून खूश.

दिवेलागण झाली, सारं गाव जमलं. रिबकाबाईनं एकोणतीस मुठींची भाकर मोडली, सगळ्यांना वाटली आणि डोळे मिटले.

शेजारी कुणीच आलं नाही.

तिनं गोठ्यातलं बाळ आठवलं, होडीतला प्रभू आठवला, क्रूस आठवला. छे! शेजारची जागा रिकामी ती रिकामीच. आता प्रभूही सोडून गेला, तर या म्हातारपणी धरायचं कुणाला?

मग तिनं ते शेवटचं जेवण आठवलं. प्रभू भाकर मोडतोय, एकेकाच्या हातावर ठेवतोय. तिनं त्या पंगतीतले चेहरे मनात एकेक करून पाहिले, आणि एका चेहऱ्याशी ती थबकली. प्रभूला शत्रूंच्या हाती धरून देणारा शिष्य! तोही त्याच पंगतीत होता. प्रभूला सगळं ठाऊक होतं, तरी भाकर त्यालाही मिळाली होती.

रिबकाबाई मुळापासून हादरली. इतकी वर्षं ही आठवण काढली, पण हा चेहरा तिनं कधी नीट पाहिलाच नव्हता. प्रभूनं तर जिवावर उठलेल्यालाही पंगतीतून उठवलं नाही, आणि आपण एका भोपळ्यापायी?

"थांबा!" ती ओरडलीच. सगळ्यांनी दचकून डोळे उघडले. "खाऊ नका कुणी. ही भाकर पुरी नाही. सलोमीचं पीठ मी कोंबड्यांना टाकलं."

जिच्याकडे भाकरीचा मान, तिनंच रीत मोडली होती!

रिबकाबाई उठली आणि थेट मागच्या कोपऱ्यात सलोमीपुढं जाऊन बसली. "सलोमे, मला शिव्या दे. काहीही बोल, पण बोल."

सलोमी हळूच म्हणाली, "जाऊबाई, घरात तेवढीच एक मूठ उरली होती हो."

"काय?"

"भोपळा तोडला तेव्हाही चूल दोन दिवस थंड होती. मागायला जीभ रेटली नाही."

रिबकाबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. मधे एक कुडाची भिंत, आणि आपल्याला पत्ता नसावा! तिच्या हातातला घास गळून पडला. ती हमसून हमसून रडू लागली.

सलोमीनं आपला घास मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला. "खा आता. पुरी झाली भाकर."

आणि त्याच क्षणी, डोळे उघडे असताना, रिबकाबाईला जाणवलं, कुणीतरी हलकेच येऊन दोघींच्या मधे बसलंय.

पुढच्या वर्षापासून रिबकाबाई पिठाची पहिली मूठ मागायला स्वतः जाऊ लागली, आणि तीही ज्याच्याशी भांडण झालं असेल त्याच्याच दारी. बाईची जीभ तशीच राहिल्यानं असं एक तरी दार दरवर्षी असायचंच म्हणा!

बोध एवढाच: प्रभूची आठवण काढताना ज्याला आपण पंगतीतून उठवतो, त्याच्याबरोबर प्रभूही उठून जातो.