करंजओहळची बयाक्का आणि दोन खाचांचा गज

करंजओहळच्या डोंगरात वाघ होता, शेतांत रानडुकरं शिरत होती आणि घरोघरी आढ्याला तोड्याची बंदूक टांगलेली असायची, तेव्हाची ही गोष्ट.

त्या बंदुकीचं तंत्र साधं होतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी सोडायची, लोखंडी गजाने ठासायची आणि मागच्या छिद्राला तोडा, म्हणजे सुताची पेटती वात, लावायचा. गावाच्या बंदुका भरायचं काम रावजी ठासे करायचा, आपल्याच घराच्या ओट्यावर बसून. एकदा तो असाच भरत होता. नळीत दारू गेली होती, गोळी जायची होती. इतक्यात रस्त्यावरून कुणी हाक मारली, "रावजी, विस्तव आहे का रे चिलमीला?"

रावजी उठला, विस्तव दिला, परत येऊन बसला आणि त्याच नळीत पुन्हा दारू ओतली. त्या संध्याकाळी नळी फुटली आणि रावजीचा उजवा हात मनगटापासून गेला.

बयाक्का त्याची लेक. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. गाव म्हणालं, आता बंदुका कोण भरणार? बयाक्का बापाच्या जागेवर जाऊन बसली. पाटलीणबाई हसून म्हणाली, "अगं, हे काय भाकरी थापणं आहे?"

"भाकरी करपली तर दुसरी थापता येते, मावशी," बयाक्का म्हणाली. "म्हणून तर मी बसले."

तिने ओट्याची रीत घालून दिली. रिकाम्या बंदुका डाव्या अंगाला, तोंड खाली करून. भरलेल्या उजव्या अंगाला, तोंड वर. दारू मापायला बैलाच्या शिंगाची एकच नळी, दुसरं माप घरातसुद्धा ठेवायचं नाही. ओट्यावर आलेल्या प्रत्येक बंदुकीच्या गजावर ती आधी कानशीने दोन खाचा पाडी. गज रिकाम्या नळीत सोडला की वरची खाच बरोबर तोंडाशी येई. एक माप दारू पडली की गज उचलला जाई आणि खालची खाच तोंडाशी येई. आणि शेवटचा नियम असा, की बयाक्का भरायला बसली म्हणजे ओट्यासमोर कुणी बोलायचं नाही. ती भरत असताना अंगणातल्या उंबरावरचे कावळेसुद्धा चोच मिटून बसत, असं म्हणतात. बारा गावांच्या बंदुका तिच्याकडे येऊ लागल्या, आणि तिच्या हातची एकही नळी कधी फुटली नाही.

पुढे एका साली एकांड्या डुकराने चार माणसं फाडली. त्याची शिकार करायला खेमराव सरदार स्वतः आले. सोबत त्यांचा एकुलता मुलगा होता, पहिल्यांदाच बंदूक धरणारा. दहा बंदुका बयाक्काच्या ओट्यावर आल्या. सहा भरून झाल्या. सातवी मुलाची. तिच्यात दारू ओतत असतानाच सरदार अंगणात आले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "राम राम, बयाक्का!"

सरदारांनी आपण होऊन केलेला राम राम. घेतला नाही तर त्यांचा अपमान. बयाक्काने मान वर केली आणि हात जोडले. "राम राम, सरकार."

मान खाली घातली, शिंग भरलं, नळीत ओतलं. आणि तिचा हात थांबला. आधी ओतलं होतं की नव्हतं?

तिने गज सोडला. खालची खाच नळीच्या तोंडापासून दोन बोटं वर उभी राहिली.

"चूक झाली," बयाक्का मोठ्याने म्हणाली. "सगळ्या बंदुका रिकाम्या करते. एकीत चुकले तर बाकीच्यांचा भरवसा नाही. पहिल्यापासून भरणार."

सरदारांचा कारभारी अंताजी खवळला. "सगळ्या? अगं बाई, हाकारे डोंगरावर गेलेत. डुक्कर काय तुझी वाट बघणार? दोन बोटं जास्त तर गोळी दोन पावलं लांब जाईल!"

"माझ्या बापाचा हात दोन बोटांनीच गेला," बयाक्का म्हणाली.

"सरकार, ही बाई भित्री आहे," अंताजी सरदारांना म्हणाला. "आणा ती बंदूक, ठासा गोळी, धाकट्या सरकारांच्या हाती द्या."

मुलाने हात पुढे केला. बयाक्का बंदूक छातीशी धरून उभी राहिली. "आधी माझा हात तोडा, मग न्या."

सरदारांनी बंदुकीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "उंबराला बांधा."

गोळी ठासून बंदूक उंबराच्या खोडाला बांधली. लांब वात लावली. माणसं बांधामागे गेली. बार झाला तो सात गावांनी ऐकला, असं म्हणतात. धूर विरला तेव्हा नळीची फुलासारखी पाकळी पाकळी झाली होती आणि उंबर मधोमध चिरला होता.

सरदार मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मग अंताजीला विचारलं, "चूक कुणाची?"

अंताजी काही बोलायच्या आत बयाक्का म्हणाली, "माझी. हात कामात असताना मी तोंड उघडलं."

"अर्धी माझी," सरदार म्हणाले. "मी उघडायला लावलं." त्यांनी जोडे काढले आणि ते अंगणात मांडी घालून बसले. भरलेल्या सहा बंदुका रिकाम्या झाल्या, मग नऊच्या नऊ पहिल्यापासून भरल्या. सरदार एक शब्दही बोलले नाहीत. डुक्कर तोवर ओढ्याकाठी थांबून राहिलं होतं, असं म्हणतात, आणि पहिल्याच गोळीला पडलं.

आता त्या बंदुका राहिल्या नाहीत. पण करंजओहळच्या जत्रेत देवीपुढे लोखंडी उखळ्यांत दारू ठासून बार काढतात, त्या उखळ्या अजून बयाक्काच्या ओट्यावरच भरतात. भरणाऱ्याला कुणी राम राम करत नाही. तो उखळीच्या मापाचा दोन खाचांचा गज प्रत्येक उखळीत सोडून बघतो. जरा शंका आली तर मोठ्याने म्हणतो, "चूक झाली!" मग सगळ्या उखळ्या रिकाम्या होतात. त्याला कुणी हसत नाही. उलट सगळं गाव एका आवाजात म्हणतं, "बयाक्काचा मान!"

गेल्या जत्रेला तालुक्याचे मोठे साहेब पाहुणे होते. भर उन्हात "चूक झाली" अशी आरोळी आली. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि शेजारच्या म्हाताऱ्याला काही विचारायला तोंड उघडलं. म्हाताऱ्याने ओठांवर बोट ठेवलं आणि समोर दाखवलं. तिथे बयाक्काच्या अंगणात एकाच बुंध्यातून दोन खोडं फुटलेला उंबर उभा होता, फळांनी लगडलेला. साहेबांनी जोडे काढले आणि ते खाली बसले.