इंजिनाचे खिळे

कुणीतरी घाई केली होती, म्हणूनच फळीवरच्या जुन्या खेळण्यातल्या इंजिनाचे सगळे खिळे रंगाच्या एकाच जाड थराखाली गाडले गेले होते. ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आता टेबलावर हुबेहूब तसंच दुसरं इंजिन आलं होतं, काळं कुळकुळीत. याचा एकही खिळा बुजू द्यायचा नाही, असं चपट्या ब्रशने ठरवलं.

त्याने पिवळ्या रंगात थोडं पाणी मिसळून पातळ हात दिला. खालचं काळं दिसतच राहिलं.

"वा, काय झाकलंस!" बाटलीतला घट्ट रंग खिदळला. "मला असाच थाप की!"

"आधी हे वाळू दे," ब्रश म्हणाला.

दुसऱ्या हातानंतरही डाग उरले. इंजिन रडवेलं झालं, पण ब्रश हटला नाही. तिसरा हात वाळला, तेव्हा इंजिन हळदीसारखं उजळलं आणि खिळा न् खिळा दिसत होता.

फळीवरून जुनं इंजिन म्हणालं, "बाळा, तुझे खिळे जरा मोठ्याने मोज. मला किती होते, ते तरी कळेल."