खिंडीतल्या देवाला पाठ

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हा कोणी थाप मारली असेल तरी आता पकडता यायची नाही.

एका डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे नदी. डोंगराला मधोमध खिंड होती. खिंडीतून गेलं तर नदी हाकेच्या अंतरावर. पण गावातलं कोणीही तिथून जात नसे. सगळे डोंगराला वळसा घालून जात आणि पाणी घरी येईपर्यंत दुपार कलत असे.

कारण खिंडीत देव होता. शेंदूर फासलेला एक गोल धोंडा. आणि देवाला पाठ दाखवायची नाही, हा गावाचा नियम. देवापर्यंत जावं, हात जोडावेत आणि उलट्या पावली परत यावं. पण देव ओलांडून पुढे जायचं म्हणजे पाठ दाखवणं आलंच. एकदा एकाने तोंड देवाकडे ठेवून उलट्या पावलीच नदी गाठायचं ठरवलं. तो घागरीसकट गडगडत गेला आणि पाय मोडून बसला. देव कडक आहे, हे तेव्हा पक्कं झालं.

या गावात चांगुणा राहायची. नवरा मेंढरं घेऊन लांबच्या मुलखात गेलेला. घरी अंथरुणाला खिळलेली सासू. उन्हाळा लागला की म्हातारीच्या घशाला कोरड पडायची आणि जिभेला धार यायची.

"सूनबाई, मी मरेन तेव्हा तोंडात पाणी घालायला तरी वेळेवर ये," असं ती रोज म्हणायची.

चांगुणा ऐकून घ्यायची. म्हातारीचं खोटं नव्हतं. एक दिवस ती पाणी घेऊन परतली, तर सासू बोललीच नाही. ओठ सुकून एकमेकांना चिकटले होते. दोन घोट पोटात गेल्यावर शिवी आली, तेव्हा कुठे चांगुणाच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी ती सरळ खिंडीत जाऊन उभी राहिली. धोंड्याभोवती फिरली. धोंडा सगळीकडून सारखाच होता. मग याचं पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं? आणि आपली पाठ ही पाठ आहे, हे याला कळतं कसं? बराच वेळ विचार केल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपला यावर विश्वासच नाही. तिला राग नव्हता, भांडण नव्हतं. विश्वास तेवढा नव्हता. ती नदीवर गेली आणि घागर भरून आली.

परत येताना खिंडीच्या तोंडाशी पुजारी उभा.

"चांगुणे, देवाला पाठ दाखवलीस?"

"दाखवली."

"मग?"

"मग काही नाही. पाणी भरलं."

गाव तिच्या अंगणात जमलं. कोप कसा होतो ते कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे लोक भाकरी बांधूनच आले. कोणी म्हणालं वीज पडेल, कोणी म्हणालं साप निघेल. एका जाणत्याचं मत पडलं, की अंगावर गळवं येतील, पण सावकाश. संध्याकाळपर्यंत चांगुणाला एक शिंक तेवढी आली. लोक सावरून बसले. पुढे काहीच झालं नाही.

पंचांनी खल केला. नियमच चुकला असेल, हे कोणाच्या मनाला शिवलं नाही. निकाल असा लागला, की चांगुणा देवाला मोजत नाही म्हणून देवही तिला मोजत नाही. ती खिंडीतून जायला मोकळी. बाकीचे भाविक, त्यांनी वळसा घालावा.

पुढच्या सकाळी दाराशी शेजारणीची घागर. तू जातेच आहेस तर माझीही आण, म्हणाली. मग तिच्या शेजारणीची आली. बघता बघता दारापुढे कुंभारवाड्यासारखी घागरींची रांग लागली. सगळ्यात मोठा हंडा पुजाऱ्याचा, देवाच्या अंघोळीचा. बायका तिला म्हणायच्या, देव मानत नाहीस, पाप लागेल हो. आणि म्हणता म्हणता घागर पुढे सरकवायच्या. माझ्याबरोबर चला, काही होत नाही, असं तिने सांगितलं, तर त्या कानांवर हात ठेवायच्या. आम्ही कशा येणार? आम्ही देव मानतो.

चांगुणा दिवसभर खेपा घालू लागली. घरी सासूचा घसा पुन्हा कोरडा. आपण आता वेगळं काही केलं, तर ही माणसं काय करतील, याचं तिला कुतूहल वाटू लागलं.

एका सकाळी ती दारात येऊन शांतपणे म्हणाली, "बायांनो, माझा आता देवावर विश्वास बसला. आजपासून मी तुमच्यासारखीच वळशाने जाणार."

गावाने पेढे वाटायला हवे होते. गावावर सुतकी कळा आली. शेजारीण म्हणाली, अशी मधेच कशी मानायला लागलीस, आमच्या पाण्याचं काय? पंच म्हणाले, चालत आलेली रीत मोडायची म्हणजे काय? शेवटी तिची समजूत घालायला पुजाऱ्याला पाठवलं. मागोमाग सगळं गाव आलं.

पुजारी ओट्यावर बसला. "अगं, तो धोंडा आहे धोंडा. माझ्या आज्याने बैल बांधायला ठेवलेला. शेंदूर मी फासतो, मला ठाऊक नाही? त्याला डोळे आहेत का? त्याला तुझी पाठ काय आणि पोट काय!"

गाव प्रत्येक वाक्याला मान डोलवत होतं.

"पण एकाचा पाय मोडला होता," चांगुणा म्हणाली.

"उलटा चालला तर मोडणारच."

"मग पुजारीबाबा, तुम्ही वळशाने का जाता?"

"मी कुठे जातो? तूच आणतेस."

गावाने यालाही मान डोलवली.

"तुमचं पटतंय मला," चांगुणा म्हणाली. "पण श्रद्धा बसली ती बसली. आता काय करू?"

दुसऱ्या सकाळी ज्याची त्याची घागर ज्याच्या त्याच्या डोक्यावर आली. पायांची सवय मोडलेली, ऊन चढत चाललेलं. वाट जिथे फुटते तिथे पुजारीणबाई मोठा हंडा घेऊन थांबल्या. त्यांनी वळशाकडे पाहिलं, खिंडीकडे पाहिलं आणि खिंडीकडे वळल्या. बायकांनी विचारलं, अहो, कुठे?

"घरचाच माणूस सांगतो धोंडा आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "नवऱ्याचं ऐकायचं नाही तर कोणाचं?"

पुजारणीच्या मागून गेलं तर पाप लागत नाही, असं एकीने तिथल्या तिथे ठरवलं. बाकीच्यांना ते लगेच पटलं.

चांगुणा सगळ्यांत शेवटी होती. आपली एकच घागर भरून ती ऊन तापायच्या आत घरी आली.

"आज लवकर? नदी आटली का?" सासूने विचारलं.

"नाही आत्याबाई. गावाचे पाय दुखले."

म्हातारी पोटभर पाणी प्याली आणि बोलायला काही सापडेना म्हणून झोपली.

धोंड्याचंही काही बिघडलं नाही. येता-जाता बायका फूल ठेवू लागल्या, त्यामुळे तो आधीपेक्षा बरा दिसायला लागला. पुढे पुजारी सांगू लागला, की खिंडीतून जाण्याची परंपरा फार पुरातन आहे. एकदा एक परका वाटसरू चुकून वळशाने गावात आला. गावाने त्याला नास्तिक म्हणून हाकलून दिलं.

तात्पर्य: देव न मानणारा गावाला चालून जातो, चालत नाही तो सवय मोडणारा, आणि नास्तिक म्हणतात ते त्यालाच.